स्कँडिनेव्हियातील स्थलनामे आणि इतिहासाची साक्ष

१

स्कँडिनेव्हिया हे नाव त्या भूमीतील लोकांनी स्वतः लिहून ठेवलेले नाही. इसवी सन ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात उत्तर समुद्रातील एका मोठ्या बेटाचा उल्लेख 'स्काटिनाविया' ह्या नावाने केला. मागाहून त्यात एक 'न्' शिरला आणि आज जगभर रूढ असलेले रूप सिद्ध झाले. ह्या नावाचा उत्तरार्ध 'पाण्याने वेढलेली भूमी' ह्या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दातून आलेला आहे, ह्यावर अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. पूर्वार्धाचा संबंध अनेकजण 'अपाय' किंवा 'धोका' ह्या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. स्वीडनच्या दक्षिण टोकावरील स्कोने प्रांताच्या नावातही तोच पूर्वार्ध आहे, आणि त्या प्रांताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचे वाळूचे दांडे जहाजांना घातक ठरत असत. दुसरे काही अभ्यासक मात्र स्कादी नावाच्या देवतेकडे बोट दाखवितात. तात्पर्य, ज्या प्रदेशाचे नाव साऱ्या जगाच्या तोंडी आहे, त्या नावाची पहिली नोंद परक्या ग्रंथात, परक्या लिपीत आणि 'बेट' ह्या चुकीच्या भूगोलासह झाली; आणि त्याचे आजचे रूप नकलनविसांच्या हातून घडले.

स्थलनामांच्या अभ्यासात जे प्रश्न पदोपदी उभे राहतात, ते सर्व ह्या एका नावात बीजरूपाने आढळतात. नाव कोणी दिले? ते कोणी लिहून ठेवले? लिहिताना त्यात काय बदलले? आणि आज त्याचा जो अर्थ सांगितला जातो तो नावातून निघतो, की सांगणाऱ्याच्या इच्छेतून?

उत्तर युरोपाच्या इतिहासात ह्या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. आइसलँडचा आरी थोर्गिल्ससन, डेन्मार्कचा साक्सो आणि पुन्हा आइसलँडचाच स्नोरी स्तुर्लुसन हे तेथील आद्य इतिहासकार आणि कथाकार बाराव्या-तेराव्या शतकांतले, आणि धर्माने ख्रिस्ती. त्यांच्यापूर्वीच्या सहस्र वर्षांविषयी स्वदेशी लिखित पुरावा म्हणजे शिळांवर आणि शस्त्रालंकारांवर कोरलेले त्रोटक रूनिक लेख. 'डेन्मार्क' हे नाव खुद्द त्या देशात प्रथम कोरलेले आढळते ते येलिंग येथील दहाव्या शतकातील राजशिळांवर. उत्खननात हाती येणारे अवशेष पुष्कळ आहेत, परंतु ते शब्दरहित आहेत. शब्दांतील साक्ष हवी असेल तर ती शेते, वाड्या, खाड्या आणि टेकड्या ह्यांच्या असंख्य नावांकडेच मागावी लागते. ही साक्ष मोलाची आहे यात शंका नाही. मात्र ती नेमकी कशाची साक्ष आहे, हे दर वेळी तपासून घ्यावे लागते. स्थलनाम हा वस्तीचा पुरावा असतो, तसेच ते भूमीवरील हक्काचे विधानही असते. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे इतिहासाच्या जागी कधी दंतकथा, तर कधी सत्तेचा आदेश येऊन बसतो.

२

प्रथम वस्तीच्या पुराव्याचा विचार करू. नॉर्वेमध्ये शेत आणि त्यावरील घर मिळून जो घटक होतो, त्यालाच शतकानुशतके स्वतंत्र नाव असे. गावे विरळ होती. १८७८ साली नॉर्वेच्या शासनाने जमीन-नोंदवहीतील ह्या नावांचे लेखन सुधारण्यासाठी एक समिती नेमली. चार शतकांच्या डॅनिश अमदानीत कारकुनांनी ही नावे आपल्या कानांना जशी भासली तशी, आणि आपल्या भाषेच्या वळणाने लिहून ठेवली होती. समितीचे सदस्य ओलुफ रीग हे मूळचे इतिहास आणि पुरातत्त्व ह्या विषयांचे अभ्यासक. त्या कार्यालयीन कामातून 'नॉर्वेतील शेतनावे' हा त्यांचा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. त्याचा पहिला खंड १८९७ मध्ये निघाला. १८९९ मध्ये रीग निवर्तले, तरी इतर विद्वानांनी ते काम नेटाने पुढे चालविले आणि शेवटची सूची १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वीडनने १९०२ साली आणि डेन्मार्कने १९१० साली स्थलनामांसाठी स्वतंत्र समित्या स्थापन केल्या.

रीग यांच्या पद्धतीत तीन गोष्टींचा मेळ होता : दस्तऐवजांतील सर्वांत जुने रूप, स्थानिक माणसाच्या तोंडचा उच्चार आणि प्रत्यक्ष जागेची ठेवण. ह्यांपैकी एकही गोष्ट सुटली तर काय होते, ह्याचे उदाहरण म्हणून 'लॉकेन' हे शेतनाव घेता येईल. आजच्या नॉर्वेजियन माणसाला त्या शब्दाचा अर्थ सरळसरळ 'कांदा' असा लागतो. परंतु जुन्या कागदांत त्याचे रूप 'लेइकविन' असे आहे. 'लेइक' म्हणजे खेळ आणि 'विन' म्हणजे कुरण. ते खेळांचे, बहुधा लोकांनी एकत्र जमून खेळण्याचे कुरण होते. 'बर्गेन' ह्या प्रसिद्ध बंदराच्या नावातही हेच 'विन' दडलेले आहे. त्याचे मूळ रूप 'ब्यॉर्गविन', म्हणजे डोंगरांमधले कुरण.

अशा नावांचे थर लावता येतात, हा ह्या शास्त्राचा मोठा लाभ होय. 'विन' ह्या पदाने बनलेली नावे नॉर्वे-स्वीडनमध्ये विपुल आहेत, आणि आइसलँडमध्ये ती जवळजवळ नाहीत. आइसलँडमध्ये वसाहत झाली नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा त्या काळापर्यंत 'विन' हे पद नवी नावे घडविण्याच्या कामी मृतवत झाले होते, असा निष्कर्ष निघतो. डेन्मार्कमधील 'टॉर्प' किंवा त्याचे झिजलेले रूप 'रुप' हे मूळ गावापासून फुटून निघालेल्या उपवस्तीचे द्योतक आहे. पूर्व नॉर्वेतील 'रुड', म्हणजे रान तोडून काढलेली जमीन, ह्या पदाआधी पुष्कळदा ख्रिस्ती व्यक्तिनाम येते. म्हणून तो थर आणखी अलीकडचा ठरतो. आणि शेवटी 'ओडेगोर्ड', म्हणजे ओसाड पडलेले शेतघर. १३४९ साली नॉर्वेत आलेल्या महामारीने शेकडो शेते निर्मनुष्य केली. वहिवाट थांबली, मूळ नाव अनेक ठिकाणी विस्मरणात गेले, आणि पुन्हा माणसे राहावयास आली तेव्हा त्या जागेला तिच्या ओसाडपणाचेच नाव उरले होते.

ह्या शब्दांकडे पाहताना भारतीय वाचकाला एक ओळखीची खूण पटते. 'ओडेगोर्ड' मधील 'गोर्ड', प्राचीन नॉर्स भाषेतील 'गार्द', आणि संस्कृत 'गृह' हे एकाच आदिम शब्दाचे वंशज होत. मराठीतील 'घर' हे त्याच 'गृह' शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप. मूळ कल्पना कुंपण घातलेल्या आवाराची आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलला नॉर्स दर्यावर्दी 'मिक्लागार्द', म्हणजे महान आवार, म्हणत. तसेच गावाचा वाचक असलेल्या 'बी' ह्या पदाचा उगम 'राहणे' ह्या अर्थाच्या ज्या धातूत आहे, तो संस्कृत 'भू' धातूचा सगोत्र आहे. मात्र हे साम्य शब्दकुलाचे आहे. त्यावरून लोकसमूहांच्या स्थलांतराच्या कथा रचणे हे शास्त्राच्या मर्यादेबाहेर जाणे होय.

३

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत विचारात पाडणारा भाग देवनामांचा आहे. नॉर्स देवतांविषयी जे ज्ञान आज प्रचलित आहे, ते मुख्यतः आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या दोन 'एड्डा' ग्रंथांवरून. त्या ग्रंथांत लोकी हा कपटी देव कथेकथेत वावरतो; त्याच्यावाचून कित्येक आख्याने हलणारच नाहीत. परंतु लोकीच्या नावाचे देवस्थान दाखविणारे गाव निश्चयाने सांगता येत नाही. उलट 'उल' नावाचा एक देव आहे. ग्रंथांत तो धनुर्धर, बर्फावरून सरकत जाणारा, म्हणून दोनचार ओळींत येतो आणि निघून जातो. त्याची स्वतःची कथा नाही. असे असता स्वीडन आणि नॉर्वे ह्या देशांत उलच्या नावाची स्थाने पुष्कळ आहेत : 'उलेवी' म्हणजे उलचे पवित्र स्थान, 'उलेन्साकर' म्हणजे उलचे शेत.

साहित्याने ज्याला विसरून टाकले त्याला भूमीने स्मरणात ठेवले, हे अनुमान नॉर्वेचे विद्वान माग्नुस ओल्सेन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथापासून देवनामांचा जो पद्धतशीर अभ्यास आरंभिला त्यातून बळकट झाले. त्याला पुढे कुदळीचाही दुजोरा मिळाला. स्वीडनच्या उपलांड प्रांतात 'लिला उलेवी' नावाच्या जागी २००७ साली उत्खनन झाले, तेव्हा तेथे व्हायकिंग काळाच्याही आधीचे उपासनास्थळ निघाले आणि ताइतासारख्या लोखंडी कड्या मोठ्या संख्येने सापडल्या. नावाने जे सांगितले होते ते मातीने मान्य केले.

ओदिन आणि थोर यांच्या बाबतीतही नावांचा नकाशा ग्रंथांहून निराळा पडतो. ग्रंथांत ओदिन देवांचा राजा आहे. डेन्मार्क आणि स्वीडन येथे त्याची स्थाने आहेत, नॉर्वेत ती थोडी आहेत, आणि ज्या आइसलँडमध्ये त्याच्या कथा लिहिल्या गेल्या तेथे ती जवळजवळ नाहीतच. तेथे थोरच्या नावाची बंदरे आणि राने आहेत. ओदिन हा राजांचा आणि कवींचा देव, थोर हा शेतकऱ्यांचा, असे ह्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते पूर्णतः मान्य केले नाही तरी एवढे खरे, की कवींच्या ग्रंथातील देवसभा आणि शेतकऱ्यांच्या भूमीवरील देवस्थाने ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचे चित्र रेखाटणे धोक्याचे आहे.

ओदिनच्या सर्वांत प्रसिद्ध स्थानाची कथा तर उपरोधाने भरलेली आहे. डेन्मार्कमधील ओडेन्स ह्या नगराचे नाव म्हणजे 'ओदिनचे व्हे', ओदिनचे पवित्र स्थान. ह्या नावाचा पहिला लिखित उल्लेख इसवी सन ९८८ मध्ये सम्राट ऑटो तिसरा याच्या पत्रात येतो. आणि ते पत्र आहे डेन्मार्कमधील ख्रिस्ती धर्मपीठांना दिलेल्या सवलतींसंबंधी. जुन्या देवाची सत्ता संपली तेव्हाच त्याचे नाव कागदावर आले. नव्या धर्माने मूर्ती आणि यज्ञ बंद केले, पण पत्ता बदलला नाही.

४

येथवर नाव एका जागी स्थिर होते. माणसे समुद्रापार गेली म्हणजे त्यांच्याबरोबर नावेही जातात, आणि तेथे साक्षीचा प्रश्न अधिक बिकट होतो. इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत नवव्या शतकात डॅनिश सैन्ये स्थायिक झाली. तेथे 'बी' आणि 'थॉर्प' ह्या पदांनी संपणारी शेकडो गावे आहेत : ग्रिम्सबी म्हणजे ग्रिम नावाच्या माणसाचे गाव, कर्कबी म्हणजे चर्चचे गाव. डर्बीला पूर्वी इंग्रजीत नॉर्थवर्दी म्हणत; ज्या मठात ६६४ ची प्रसिद्ध धर्मसभा भरली त्या व्हिटबीचे जुने नाव स्ट्रेओनेशाल्ख. मग प्रश्न असा, की ही शेकडो नावे किती माणसांची साक्ष देतात?

पीटर सॉयर यांनी १९६२ मध्ये आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की डॅनिश सैन्ये मानली जातात त्यापेक्षा फार लहान होती. नावांची संख्या म्हणजे माणसांची गणती नव्हे. त्यावर केनेथ कॅमेरॉन यांनी १९६५ साली नावे आणि जमिनीचा कस ह्यांची सांगड घालून दाखविले, की 'बी' ची गावे बहुधा हलक्या प्रतीच्या, आधी रिकाम्या असलेल्या जमिनीवर आहेत. म्हणजे सैन्यामागोमाग शेतकऱ्यांची खरीखुरी वसाहत आली असली पाहिजे. गिलियन फेलोज-येन्सेन यांनी पुढे तिसरी शक्यता मांडली. अनेक 'बी' ही नवी गावे नसून मोठ्या इंग्रज जहागिरींचे तुकडे होऊन डॅनिश मालकांकडे गेलेली जुनी गावेच असावीत. गाव तेच, फक्त मालकाचे नाव त्यावर चढले. एकाच नावसमूहातून तीन विद्वानांनी तीन इतिहास वाचले. ह्याचा अर्थ नावे खोटे बोलतात असा नव्हे. ती न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, एवढाच.

नावाच्या ह्या प्रवासात भाषांतराचाही एक विलक्षण व्यापार चालतो. रोमनांचे 'एबोराकुम' हे नगर इंग्रजांच्या हाती आले तेव्हा त्यांना त्या नावाचा अर्थ लागेना. त्यांनी त्यात 'एओफोर', म्हणजे रानडुक्कर, हा आपला शब्द ऐकला आणि त्याला 'वीक', वस्ती, जोडून 'एओफोरवीक' केले. ८६६ मध्ये डेन आले. त्यांच्या तोंडी त्याचे 'योर्विक' झाले. त्याचेच आजचे रूप यॉर्क. दर वेळी ध्वनी थोडा राहिला, अर्थ पूर्ण बदलला, आणि बोलणाऱ्याला मात्र हे आपलेच नाव आहे असे वाटत राहिले.

आइसलँडचा प्रकार ह्याहून वेगळा. तेथे काही ख्रिस्ती संन्याशांचा जुन्या ग्रंथांतील उल्लेख सोडला तर आधीची वस्ती नव्हती. सारी भूमी नव्याने नामांकित करावयाची होती. 'लान्दनामाबोक', म्हणजे भूमिग्रहणाचा ग्रंथ, सुमारे ४०० प्रमुख वसाहतकारांची आणि त्यांनी व्यापिलेल्या जागांची माहिती देतो. इंगोल्फ याने आपल्या घरातील उच्चासनाचे खांब समुद्रात टाकले. ते जेथे किनाऱ्याला लागले तेथे त्याने घर बांधले, आणि त्या जागेला 'रेक्याविक', धुराची खाडी, हे नाव पडले. धूर म्हणजे उष्ण झऱ्यांची वाफ. ह्या ग्रंथात पानोपानी अमुक माणूस अमुक जागी राहिला म्हणून ते नाव पडले, असे सांगितलेले असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थोर्हाल्लुर विल्मुंदार्सन यांनी ह्या विश्वासाला धक्का दिला. त्यांच्या 'निसर्गनाम' सिद्धान्ताप्रमाणे ह्यांतील बरीच नावे मुळात टेकडी, प्रवाह, गवत ह्यांच्या वर्णनाची होती. तो अर्थ पुसला गेल्यावर नावाच्या उलगड्यासाठी एखादा पुरुष कल्पिला गेला आणि त्याला कथा व वंशावळ मिळाली. सिद्धान्त सर्वत्र लागू पडतो असे कोणी मानीत नाही. पण सागांच्या वाचकापुढे त्याने एक अटळ प्रश्न ठेवला : माणसाने जागेला नाव दिले, की जागेच्या नावातून माणूस जन्मला?

स्टॉकहोमची दंतकथा ह्याच जातीची. 'स्टॉक' म्हणजे ओंडका, 'होल्म' म्हणजे छोटे बेट. ११८७ मध्ये सिग्तुना नगर लुटले गेल्यावर तेथील लोकांनी धन भरलेला ओंडका पाण्यात सोडला, तो ज्या बेटाला लागला तेथे नवे नगर वसले, असे सांगतात. अर्थ कळला होता. उणीव होती ती कथेची, आणि लोकांनी ती भरून काढली. आइसलँडमधील खांबांचा धागा येथे पुन्हा दिसतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशी कथा नावाच्या जन्माविषयी फारसे सांगत नाही. आपले नगर योगायोगाने नव्हे तर दैवी संकेताने वसले असे मानण्याची नागरिकांची ओढ ती सांगते. इतिहासकाराला तीही साक्षच आहे, मात्र दुसऱ्या काळाची.

नाव भूमीचे वर्णन करण्याऐवजी माणसांना ओढून आणण्यासाठीही ठेवले जाते, हे मध्ययुगीन लेखकांना ठाऊक होते. एरिक द रेड याने हिमाच्छादित भूमीला 'ग्रीनलँड' म्हटले, कारण चांगले नाव असले म्हणजे लोकांना तेथे जावेसे वाटेल, असे आरी थोर्गिल्ससन यानेच नमूद केले आहे.

५

हक्काचे विधान म्हणून नाव किती कठोर होऊ शकते, हे राजसत्तेच्या काळात दिसून येते. १६२४ च्या आगीत ओस्लो भस्मसात झाले. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिस्तियन चौथा याने किल्ल्याच्या सावलीत नवे नगर वसविले आणि त्याला स्वतःचे नाव दिले : ख्रिस्तियानिया. जुन्या जागी उरलेल्या वस्तीला लोक ओस्लोच म्हणत राहिले. १ जानेवारी १९२५ रोजी राजधानीने राजाचे नाव टाकून ते उपनगरी नाव पुन्हा धारण केले. स्वातंत्र्यानंतरच्या राष्ट्रभावनेचे हे फळ. परंतु राष्ट्रभावना आणि लोकव्यवहार नेहमीच एका वाटेने जात नाहीत. १९३० मध्ये ट्रॉन्डहाइमचे 'निदारोस', म्हणजे निद नदीचे मुख, हे मध्ययुगीन वैभवाचे नाव कायद्याने पुन्हा लागू झाले. नगरवासीयांनी मतदानात आधीच प्रचंड बहुमताने ते नाकारले होते. त्यांचा क्षोभ इतका झाला की १९३१ मध्ये संसदेला माघार घ्यावी लागली. जुने नाव परत आणणे हीसुद्धा सत्तेचीच आज्ञा असू शकते.

ज्या राष्ट्राने परक्या कारकुनांनी बिघडविलेली आपली नावे इतक्या कष्टाने दुरुस्त केली, त्याच राष्ट्राने त्याच काळात उत्तरेकडील सामी लोकांच्या नावांचे काय केले, हा ह्या इतिहासाचा सर्वांत क्लेशकारक भाग आहे. १९०२ च्या जमीनविक्री कायद्यान्वये झालेल्या नियमांप्रमाणे फिनमार्क प्रांतातील सरकारी जमीन विकत घेणाऱ्याला नॉर्वेजियन भाषा बोलता, वाचता, लिहिता येणे आवश्यक ठरले. आणि त्या जमिनीला नॉर्वेजियन नाव असावे असेही ठरले. रीग यांचा ग्रंथ खंडाखंडाने छापला जात होता तेव्हाचीच ही गोष्ट. सामी नावे भूमीचे फार बारकाईने वर्णन करतात : 'योह्का' म्हणजे नदी, 'यावरी' म्हणजे सरोवर, 'वार्री' म्हणजे डोंगर. नकाशावरील 'काउतोकेइनो' ह्या अर्थशून्य भासणाऱ्या नावामागे 'गुओव्दागेआइद्नु' आहे. ऋतूप्रमाणे भटकणाऱ्या लोकांची ती 'मधली वाट'. भाषांतरात अर्थ राहतो आणि ध्वनी जातो. अपभ्रंशात ध्वनीचा अवशेष राहतो आणि अर्थ जातो. दोन्ही मार्गांनी मूळ बोलणाऱ्याचा हक्क मात्र पुसला जातो. युस्ट क्विग्स्टाड यांनी १९३० नंतरच्या दशकात सामी स्थलनामांचे संग्रह प्रसिद्ध केले नसते तर ही हानी कायमची झाली असती.

१९९० च्या स्थलनाम कायद्याने सामी आणि क्वेन नावांना नकाशांवर आणि रस्त्यांवरील फलकांवर अधिकृत स्थान दिले. त्यानंतर कोफ्योर्ड ह्या किनारपट्टीवरील नगरपालिकेत 'गाइवुओत्ना' हे सामी नाव लिहिलेल्या फलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. धातूच्या पत्र्यावरील चार अक्षरांवर बंदूक रोखली जाते, तेव्हा वाद व्युत्पत्तीचा नसतो. १ जून २०२३ रोजी नॉर्वेच्या संसदेला सादर झालेल्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या अहवालाने सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाचा हा इतिहास अधिकृतपणे नोंदविला. ग्रीनलँडमध्येही १९७९ च्या स्वराज्याबरोबर 'गोटहोब', म्हणजे शुभ आशा, हे डॅनिश नाव जाऊन 'नूक', म्हणजे भूशिर, हे स्थानिक नाव राजधानीला मिळाले.

ह्या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. हुगळीकाठी १७५५ मध्ये मिळविलेल्या आपल्या वसाहतीला डॅनिशांनी राजा फ्रेडरिक पाचवा याचे नाव दिले आणि त्याला भारतीय 'नगर' जोडले : फ्रेडरिक्सनगर. इंग्रज कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी १८०० साली ह्या डॅनिश ठाण्यात आले. आणि तेथील मुद्रणालयातून १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. मराठी मुद्रणाचा आरंभ अशा रीतीने डॅनिश ध्वजाखाली झाला. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या जागेचे जे नाव आहे ते फ्रेडरिक्सनगर नव्हे. ते श्रीरामपूर, सेरामपूर असे आहे. १८४५ मध्ये डॅनिशांनी ठाणे इंग्रजांना विकले आणि राजाचे नाव व्यवहारातून निघून गेले.

ह्यावरून सत्तेने दिलेली नावे टिकतच नाहीत, असा दिलासा मात्र काढता येणार नाही. ख्रिस्तियनसँड आहे, फ्रेडरिकस्टाड आहे, आणि ओदिनचे ओडेन्सही आहे. डर्बीच्या जुन्या इंग्रजी नावाने आज तेथे कोणी पत्ता सांगत नाही. नाव टिकते ते त्याच्या प्राचीनतेमुळे नव्हे आणि न्याय्यतेमुळेही नव्हे; रोजच्या व्यवहारात ते उच्चारणारी माणसे त्या जागी राहतात म्हणून ते टिकते. इतिहासकाराने नावाचा अर्थ विचारण्यापूर्वी ह्या माणसांची चौकशी करावी. ती कोण होती, त्यांच्या आधी तेथे कोण होते, आणि त्या आधीच्यांनी त्या टेकडीला, त्या पाण्याला काय म्हणून हाक मारली होती, हे प्रश्न सुटल्यावाचून व्युत्पत्ती कितीही निर्दोष असली तरी ती इतिहास होत नाही.